तीन ओळींची जागा

१

सकाळी साडेनऊला भिंगकाका कार्यालयाच्या वळणावर पोचले, तेव्हा फाटकासमोर चाळीसएक माणसं उभी होती आणि कुणीच काही बोलत नव्हतं. आरडाओरडा करणाऱ्या गर्दीला काका भीत नसत. ओरडून माणसं दमतात आणि जेवायच्या वेळेला घरी जातात, असा त्यांचा अनुभव होता. ही गर्दी मात्र गप्प होती. प्रत्येकाच्या हातात आजचा अंक होता आणि प्रत्येकाने तो एकाच पानावर दुमडला होता. ते पान काल संध्याकाळी काकांनीच तपासलं होतं.

काका या वर्तमानपत्राचे मुद्रितशोधक. पान छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, एवढंच काम. पण ते त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. हातात कायम भिंग, म्हणून भिंगकाका. घरी लग्नपत्रिका आली तरी ते आधी तिच्यातल्या चुका काढत आणि मग लग्नाला जायचं की नाही ते ठरवत.

मागच्या दाराने ते आत शिरले. जिन्यात पट्टी भेटला. पट्टी म्हणजे पानं लावणारा. सगळं काम संगणकावर होऊ लागून जमाना झाला, तरी हा गडी छापलेल्या पानावर पोलादी पट्टी ठेवून ओळी मोजल्याशिवाय उठत नसे. आज त्याच्या हातात पट्टी नव्हती आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका, अग्रलेखाचा शेवट बघितलात?" त्याने विचारलं.

अग्रलेख संपादकबाईंचा होता. धर्मसभेने शिक्षणमंत्र्यांना एक गुप्त पत्र पाठवलं होतं. शाळेच्या पुस्तकांतून कोणते अकरा धडे काढायचे आणि ते काढले तर येत्या निवडणुकीत श्रद्धाळूंची मतं कोणाकडे वळवली जातील, असं सगळं त्यात सरळ लिहिलं होतं. मंत्र्यांनी दोन दिवसांत त्यावर सही केली होती. बाईंच्या हाती त्या पत्राची नक्कल लागली होती. पत्र थोरल्या धर्मगुरूंच्या नावाने होतं, आणि थोरले धर्मगुरू तर दोन महिने अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. मग लेखणी कोणाच्या हातात आहे, आणि देश चालवायचा तो मतपेटीने की धर्मसभेच्या चिठ्ठीने, असं बाईंनी रोखठोक विचारलं होतं.

इथवर सगळं काल काकांनी वाचलेलं होतं. शेवटी मात्र तीन ओळी नव्या होत्या.

"बंद पडलेलं घड्याळ उंच मनोऱ्यावर बसवलं, म्हणून ते वेळ सांगू लागत नाही, खाली उभं राहून माना वर करणाऱ्यांची मात्र वेळ चुकते, आणि दोष ते आपल्या पायांना देतात."

अर्धांगाने पडलेल्या, बोलता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बंद पडलेलं घड्याळ म्हटलं होतं. बाहेरची गर्दी गप्प का आहे, ते काकांना आता समजलं. ती माणसं नुसती चिडलेली नव्हती. त्यांना लागलं होतं.

हे वाक्य कालच्या प्रुफात नव्हतं, हे काका शपथेवर सांगू शकले असते. पण आणखी एक गोष्ट त्यांना त्याच क्षणी कळली होती आणि ती त्यांनी पट्टीला सांगितली नाही. वाक्य बाईंचंच होतं. एकतीस वर्षं वाक्यं चाळण्यात घालवलेल्या माणसाला बाईंचा हात ओळखायला खाली नाव लागत नाही.

२

मालकांच्या खोलीत सगळेच उभे होते. बसलेल्या फक्त बाई. साठीच्या, बारीक अंगाच्या, आणि राग आला की आवाज चढण्याऐवजी उतरणाऱ्या. आज त्यांचा आवाज इतका खाली होता की काकांना पुढे सरकावं लागलं.

"मी हे लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आजारी माणसाची थट्टा मी जन्मात केलेली नाही."

काकांनी कपाटातून आणलेलं कालचं प्रूफ टेबलावर ठेवलं. संध्याकाळी साडेसहाची वेळ, खाली काकांची सही, आणि शेवटी त्या तीन ओळींचा पत्ता नाही. मालकांनी प्रूफ पाहिलं आणि काकांकडे परत सारलं. ते म्हणाले, यावरून एवढंच ठरतं की वाक्य नंतर घातलं. कोणी घातलं ते नाही ठरत. बाईंनी घरून फोनवरून सांगितलं असेल तर?

त्यांनी बाईंचा मोबाइल मागितला. सात पंचवीस आणि सात बत्तीस असे कार्यालयातून आलेले दोन फोन त्यात दिसले, दोन्ही न उचललेले. बाई एका महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षक म्हणून बसल्या होत्या आणि फोन मुका करून ठेवला होता. त्यांनी उलटून फोन केला नव्हता. पण केला नव्हता हे सिद्ध कसं करणार? दुसऱ्या कुणाच्याही फोनवरून करता आला असता, असं मालक म्हणाले. मालक तसे वाईट नव्हते. ते घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला सगळ्यात सोपं उत्तर पटतं.

खिडकीखाली गर्दी आता शंभरावर गेली होती. फाटकावरच्या पोलीस अधिकाऱ्याने निरोप धाडला होता की संध्याकाळी पाचपर्यंत तो माणसं आवरून धरेल, पुढचं त्याच्या हातात नाही.

मालकांनी ठरवून टाकलं. चार वाजेपर्यंत वाक्य कोणी घातलं ते कळलं तर ठीक. नाही कळलं तर ते बाईंचंच धरायचं, बाईंनी माफी मागायची आणि खुर्ची सोडायची. त्या पत्राचा विषयही तिथेच संपवायचा.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी काकांना थांबवलं.

"काका, चुका शोधणं तुमचं काम. ही शोधा."

"बाई, एक विचारू? खरंच तुमचं नाही ना?"

विचारल्यावर काकांना आपली जीभ चावावीशी वाटली. बाई म्हणाल्या, "तुम्हालाही माझं वाटतं?" आणि उत्तराची वाट न बघता आपल्या खोलीत निघून गेल्या.

३

बाई काल सातला गेल्या. पान आठला छपाईकडे गेलं. मधल्या तासात त्या पानाला हात लागू शकेल अशी तीनच माणसं इमारतीत होती. उपसंपादक, मालकांचे जावईबापू आणि पट्टी.

काकांनी आधी उपसंपादकांना गाठलं, कारण सगळ्या इमारतीचा संशय त्यांच्यावर होता. ते दर गुरुवारी धर्मसभेच्या प्रवचनाला जात. कालचा अग्रलेख वाचून त्यांनी बाईंना धर्मसभेवरचं वाक्य तरी गाळा म्हणून विनवलं होतं आणि बाईंनी नेहमीप्रमाणे ऐकलं नव्हतं. बाईंची खुर्ची गेली तर ती आपोआप उपसंपादकांकडे येणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

उपसंपादक रडवेले झाले होते. काल गुरुवार, प्रवचनाची घाई, म्हणून पावणेआठनंतर पट्टीने पडद्यावर पान दाखवलं तेव्हा त्यांनी न वाचताच होकार दिला होता. ही कबुलीसुद्धा त्यांनी दार लावून घेऊन दिली. बाईंना घालवायला त्यांनी काहीही केलं असतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

"पण थोरल्या गुरूंवर असं?" ते म्हणाले. "मी त्यांच्या पायाशी बसतो, काका. माझी बोटं झडतील."

जावईबापूंना शोधावं लागलं. ते जाहिरात विभागाच्या मागच्या खोलीत, दिवा न लावता बसले होते. हे गृहस्थ जाहिराती बघत, पण डोळा आमदारकीवर. उमेदवारी मिळायची तर धर्मसभेचा आशीर्वाद हवा, म्हणून बाईंचा अग्रलेख त्यांना घशात अडकलेल्या काट्यासारखा होता. काल पावणेआठला एका जाहिरातदाराचा फोन आला, चौकट डावीकडून उजवीकडे सरकवा म्हणून, आणि तेवढ्यासाठी ते पट्टीकडे गेले होते. वेळ त्यांना पक्की आठवत होती, कारण जाहिरातदाराने पाऊण तास उशिरा फोन केल्याबद्दल त्यांनी त्याला सुनावलं होतं.

"आणि ते वाक्य?"

"काका, सासऱ्यांच्या पेपरात गुरूंचा अपमान छापून आलाय. आज सकाळी माझी उमेदवारी मेली. मी स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेऊ?"

काकांना ते पटलं. जावईबापू एरवी कितीही चलाख असोत, आज त्यांचा चेहरा पार उतरला होता.

राहिला पट्टी. तो संगणकासमोर बसला होता खरा, पण पडदा बंद होता. काकांनी विचारलं, काल बाईंना दोनदा फोन कोणी केला?

"मीच केला," पट्टी म्हणाला. "जाहिरातीची चौकट सरकवायची होती. अग्रलेखाला लागून होती ना, म्हटलं विचारून घ्यावं."

"आणि ते वाक्य तुला कोणी दिलं?"

"पान पुढे गेलं तेव्हा होतं, एवढंच मला माहीत आहे." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "काका, मला आज साडेचारला निघावं लागेल. ताईला ऑफिसातून आणायचंय. तिचा गुडघा दुखतोय, बसच्या पायऱ्या चढवत नाहीत."

पट्टीची ही ताई काकांना ऐकून माहीत होती. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता आणि त्यापायी स्वतःचं लग्न केलं नव्हतं. पट्टीच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी ताई यायची. काकांनी मान डोलावली आणि ते आपल्या टेबलाशी परत आले. पण खुर्चीत बसता बसता काहीतरी टोचलं. काय ते त्यांना पटकन सापडेना.

तेवढ्यात खाली काच फुटली.

४

दगड एकच होता आणि तो कोणी मारला ते कळलं नाही. पोलीस अधिकाऱ्याने दोन माणसांना बाजूला घेतलं, गर्दी पुन्हा गप्प झाली. सव्वा वाजला होता. बाईंच्या खोलीचं दार बंद होतं. आत त्या आपले कागद आवरत असाव्यात, कारण कप्पे उघडल्याचे आणि मिटल्याचे आवाज येत होते.

काकांनी बोटांवर हिशोब मांडला. उपसंपादकांनी वाक्य घातलं असतं तर त्यांचा गुरू दुखावला असता. जावईबापूंनी घातलं असतं तर उमेदवारी गेली असती. पट्टीला राजकारणाशी देणंघेणं नव्हतं. बाईंनी घातलं असतं, तर ज्या पत्रासाठी त्यांनी इतका जीव आटवला ते पत्र त्यांनीच बुडवलं असतं. आज गावात पत्राबद्दल कोण बोलत होतं? सगळे घड्याळाबद्दल बोलत होते. या वाक्याने इमारतीतल्या एकूणएक माणसाचं नुकसान केलं होतं. ज्यात कुणाचंच भलं नाही असं काम कोणी मुद्दाम कशाला करील?

मग मुद्दाम केलेलं काम वेगळंच असलं तर?

काका ताडकन उठले. अग्रलेखाची जागा या वर्तमानपत्रात ठरलेली होती. दोन रुंद स्तंभ आणि त्यांत मोजून शहाण्णव ओळी. रोज शहाण्णव. कमी नाही, जास्त नाही. कालच्या प्रुफात शहाण्णव ओळी होत्या, हे त्यांनी सही करण्याआधी पाहिलं होतं. तीन ओळी वाढल्या, तर आज नव्व्याण्णव व्हायला हव्या होत्या आणि शेवट चौकटीबाहेर जायला हवा होता. त्यांनी छापलेलं पान ओढलं आणि भिंग ठेवून ओळी मोजल्या.

शहाण्णव.

सकाळपासून प्रत्येकाने, त्यांनी स्वतःसुद्धा, शेवटच्या तीन ओळी पाहिल्या होत्या. आधीच्या त्र्याण्णव कोणीच पाहिल्या नव्हत्या. काकांनी प्रूफ आणि छापील पान शेजारी मांडलं, दोन्हींवर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला आणि आपल्या जुन्या सवयीने शेवटाकडून वर जायला सुरुवात केली. सरळ वाचलं की अर्थ डोळ्यांना पुढे ओढत नेतो आणि चूक निसटते. उलट गेलं की प्रत्येक ओळ एकटी सापडते.

धर्मसभेवरचं कडक वाक्य जागेवर होतं. मंत्र्यांवरचं त्याहून कडक वाक्य जागेवर होतं. मतांच्या सौद्याचा परिच्छेद जसाच्या तसा. मग तिसऱ्या परिच्छेदात पुठ्ठा थांबला. प्रुफात तिथे एक वाक्य होतं जे छापील पानात नव्हतं.

"ते पत्र आवक नोंदवहीत चढवताना जो हात थरथरला, त्याच्यापेक्षा त्यावर सही करणारा हात फार मोठा आहे, पण लाज वाटली ती त्या लहान हातालाच."

तीन ओळी. काकांनी ते दोनदा वाचलं. काल त्यांना हे वाक्य फार आवडलं होतं, इतकं की त्यांनी मनातल्या मनात बाईंना दाद दिली होती. आज मात्र त्यांचं भिंग 'आवक नोंदवही' या शब्दांवर थांबलं. कारण आवक नोंदवही हजार माणसं लिहीत नाहीत. शिक्षण खात्यात ती एकच माणूस लिहितो.

बाईंना ते पत्र कोणी दाखवलं, ते बाईंनी स्वतःच लिहून टाकलं होतं. आणि कोणीतरी ते पुसलं होतं.

५

आता काकांना मघाशी काय टोचलं तेही उमगलं. पट्टी म्हणाला होता, चौकटीबद्दल विचारायला फोन केला. त्याने फोन केले सात पंचवीस आणि सात बत्तीसला. चौकट सरकवायचा निरोपच मुळी पावणेआठला आला.

उपसंपादकांनी कात्री चालवली असती तर धर्मसभेवरचं वाक्य गेलं असतं. जावईबापूंनी मंत्र्यांवरचं उडवलं असतं. ज्याने हात घातला त्याने बड्या लोकांवरचे सगळे घाव तसेच ठेवले होते आणि एका लहान हाताला तेवढं झाकलं होतं. शिवाय तीन ओळींच्या जागी बरोब्बर तीन ओळी बसवणं उपसंपादकांच्या सात पिढ्यांना जमलं नसतं.

काका पट्टीजवळ स्टूल ओढून बसले. कोणी ऐकत नाही ना ते त्यांनी पाहून घेतलं.

"ताई कुठल्या खात्यात आहे रे तुझी?"

पट्टीने दोन्ही तळवे मांड्यांवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. तो म्हणाला, "शिक्षण. आवकचं टपाल तिच्याकडे असतं."

मग सगळं बाहेर पडलं. ताईने त्याला काही सांगितलं नव्हतं. बाईंनाही ती याची बहीण आहे हे माहीत नव्हतं. काल पान लावताना ते वाक्य त्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्याला एकदम आठवलं की ताई पंधरा दिवस झोपलेली नाही. उद्या खात्यात कोणीही हे वाक्य वाचलं की बोट तिच्याकडे जाणार. नोकरी तर जाईलच, पण धर्मसभेची तरुण मंडळी घरावर काय करतील ते सांगता येत नव्हतं. त्याने बाईंना दोनदा फोन लावला. उपसंपादकांना विचारायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते तर त्याच प्रवचनाला जायच्या घाईत. पंचवीस मिनिटं उरली होती. त्याने वाक्य काढलं.

"आणि जागा उरली," काका म्हणाले.

"तीन ओळी उरल्या. बाईंना ओळी ताणलेल्या खपत नाहीत, मलाही नाही."

पूर्वी शिशाच्या अक्षरांचे खिळे हाताने जुळवण्याच्या काळात असं झालं की बाईंच्याच जुन्या लेखांतली सुटी वाक्यं वापरत. दोन ओळींची, तीन ओळींची, चार ओळींची अशी वेगळी काढून ठेवलेली असत. जागा उरली तर यातलं एखादं लावा, मला विचारू नका, अशी बाईंची कायमची परवानगी होती. संगणक आल्यावर पट्टीने ती सगळी एका ठिकाणी टिपून ठेवली होती आणि वर नाव दिलं होतं 'उरलंसुरलं'. कित्येक वर्षांत ते कोणी उघडलं नव्हतं. काल त्याने उघडलं, तीन ओळींचं पहिलं वाक्य उचललं आणि खाली चिकटवलं.

"वाचलं नाहीस?"

"मोजलं, काका. वाचलं नाही."

त्याने पडदा सुरू करून दाखवलं. वाक्याखाली तारीख होती, सतरा वर्षांपूर्वीची. निवडणूक हरूनही खुर्ची न सोडणाऱ्या एका नगराध्यक्षावर बाईंनी ते लिहिलं होतं. तो माणूस आता कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता, बाईंच्यासुद्धा.

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. घड्याळात पावणेचार झाले होते, म्हणजे पंधरा मिनिटं हाताशी होती. त्यांनी पट्टीला हाताला धरून उठवलं आणि बाईंच्या खोलीत नेलं. तो काही कुरकुरला नाही. सकाळपासून कोणीतरी आपल्याला असं धरून न्यावं, याचीच जणू तो वाट बघत होता.

६

बाईंनी सगळं मध्ये न बोलता ऐकलं. मग हात पुढे करून प्रूफ मागितलं आणि तिसरा परिच्छेद वाचला. वाचताना त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला.

"मी त्यांना शब्द दिला होता," त्या म्हणाल्या. "सावलीसुद्धा दिसू देणार नाही, असं म्हटलं होतं. आणि एक झकास वाक्य सुचलं म्हणून…"

त्यांना पुढे बोलवेना. बाई इथे आल्यापासूनच्या बावीस वर्षांत काकांनी त्यांना शब्द न सुचलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनाच लाजल्यासारखं झालं. हे वाक्य आपणही काल वाचलं होतं, दाद देऊन सोडून दिलं होतं. चुका काढण्यासाठी नेमलेल्या माणसाला त्यातली एकच खरी चूक दिसली नव्हती.

पट्टी म्हणाला की तो मालकांना जाऊन सांगतो. गर्दीसमोरही सांगतो.

"काय सांगशील?" बाईंनी विचारलं.

"की ती ओळ मी भरली."

"का भरलीस म्हणून विचारतील. जागा उरली होती म्हणशील. जागा का उरली? मग काय काढलं होतंस ते विचारतील."

काका भिंतीला टेकले. अर्ध्या दिवसात त्यांनी खरं शोधून काढलं होतं, आणि ते खरं या खोलीच्या बाहेर न्यायची सोय नव्हती.

चारला मालक आले. बरोबर पोलीस अधिकारी होता. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वाक्य माझं आहे. मीच लिहिलेलं."

"सकाळी तर नाही म्हणालात."

"सकाळी मला आठवत नव्हतं."

यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि मालकांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की इतकं धडधडीत खोटं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. अधिकाऱ्याने काकांकडे वळून विचारलं, तुम्ही इतकी वर्षं यांचं लिखाण वाचता, हे यांचंच का? काकांनी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत विनंती नव्हती, सरळ हुकूम होता.

"हो," काका म्हणाले. "त्यांचंच आहे."

"ते कालचं प्रूफ कुठे आहे?" मालकांनी विचारलं.

"तुम्ही पाहिलंत, मग फाडलं. काम झालं की आम्ही फाडतो," काकांनी सांगितलं. एकतीस वर्षांत काकांनी एकही प्रूफ फाडलेलं नव्हतं. हे चार घड्या होऊन त्यांच्या आतल्या खिशात होतं आणि त्यांना ते छातीवर टोचत होतं.

बाईंनी राजीनामा तिथेच लिहिला. पण हातात देण्याआधी एक अट घातली. उद्याच्या पहिल्या पानावर माझी माफी छापा, थोरल्या गुरूंची आणि त्यांना मानणाऱ्या सगळ्यांची. वाक्याबद्दल पुरी माफी. आणि तिच्या खाली ते पत्र, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. पत्राच्या प्रती चार कार्यालयांत गेल्या होत्या, तेव्हा ते कुठून आलं हे कोणाला सांगता येणार नव्हतं. मालक कां-कूं करू लागले.

"गर्दीला माझी सही हवी आहे," बाई म्हणाल्या. "सही हवी असेल तर पत्र घ्यावं लागेल."

मालकांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि कागद घेतला.

राजीनाम्याची बातमी फाटकावर सांगितल्यावर गर्दी पांगली. जशी उभी होती तशीच गप्प गेली. बाईंची पिशवी भरून तयार होती, पण त्या पत्र जुळवून होईपर्यंत थांबल्या. पट्टी साडेचारला निघू शकला नाही. तो पत्र जुळवत होता आणि काका शेजारी बसून मूळ नकलेवरून शब्द न् शब्द मोठ्याने वाचत होते. पत्रातल्या यादीत पाचव्या धड्यापाशी आले तेव्हा पट्टीचा फोन वाजला. ताईचा होता. खोली इतकी शांत होती की पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

ती आधी म्हणाली, तू येऊ नकोस, एका मैत्रिणीने सोडलं मला. मग तिने विचारलं,

"ऑफिसात सगळे बोलताहेत. तुमच्या बाईंनी थोरल्या गुरूंबद्दल तसं लिहिलं. खरं आहे का रे?"

पट्टीने मान वर करून बाईंकडे पाहिलं. सांगू नकोस म्हणून बाईंनी मान हलवली, एकदाच.

"खरं आहे, ताई," तो म्हणाला. "त्यांनीच लिहिलं."



"मी लहानपणापासून त्यांच्यापुढे हात जोडत आले," ताई म्हणाली. "आता त्यांना बोलताही येत नाही, आणि त्यांच्या नावावर दुसरेच काय काय लिहितात. आजारी माणसाला असं म्हणायचं? मला वाटलं होतं, या बाई तरी निराळ्या असतील."

फोन बंद झाला. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तशाच त्या म्हणाल्या, "काका, पुढे वाचा." काकांनी भिंग पुसलं आणि सहाव्या धड्यापासून वाचायला घेतलं.